वाट दुरुस्त करायला या, वाटेचे धनी व्हायला नको



मागच्या महिन्यात तिवस्याला आपली बैठक झाली. ई-क्लास जमिनीचे दावे, अडकून पडलेले वनहक्काचे अर्ज हे नेहमीचे विषय होतेच. पण त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ गेला तो जीपगाड्यांच्या विषयात. मेळघाटाच्या पायथ्याच्या एका गावातून आलेल्या साथींनी तो काढला. गावाचं नाव छापू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून छापत नाही. पण आज तिथे झालं ते उद्या कोणत्याही गावात होऊ शकतं. म्हणून आपलं मत काय ते लिहून काढायचं असं बैठकीत ठरलं. ते हे.

झालं असं. उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी शहरातल्या एका क्लबच्या नऊ गाड्या गावात आल्या. मोठ्या चाकांच्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेल्या. खडकातून, चिखलातून, नाल्यातून गाडी काढायची हा या मंडळींचा छंद. त्याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. माणसं काही वाईट नव्हती. लेकरांशी बोलली, पोत्यात प्लास्टिक गोळा केलं, चहाचे पैसे दिले. मग त्यांनी एक कागद काढला. गावापासून टेकडीवरून जुन्या कुपापर्यंत जी बैलगाडीची वाट जाते ती क्लब 'दत्तक' घेणार. खड्डे बुजवणार, फलक लावणार, दरवर्षी साफसफाई करणार. त्याच्या बदल्यात शनिवार-रविवार गाड्या घेऊन येणार. वाटेची व्यवस्था पाहायला सहा जणांची समिती राहील: क्लबचे तीन, खात्याचे दोन आणि गावचा एक.

सोबत रंगीत नकाशा होता. त्यात वाटेच्या तुकड्यांना नवी नावं दिलेली. ज्या नाल्यावर गावची गुरं पाणी पितात तो झाला 'मड पिट'. जिथे कोरकूंचे मुंडे उभे आहेत, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरलेले लाकडी खांब, तो झाला 'व्ह्यू पॉइंट'.

गावातल्या एका म्हाताऱ्या मायनं विचारलं, "दत्तक तं बिनमायबापाच्या लेकराले घेतात. हे वाट आमच्या बैलायनं पाडली. तिचे मायबाप मेले काय?"

कोणाला उत्तर देता आलं नाही. पण गावातले पोट्टे म्हणाले तेही खरं होतं. "तुमी नाई म्हणान तं ते दुसऱ्या गावात जाईन. आमाले रोजी भेटली असती, थे जाईन." बैठकीत यावरूनच दोन तट पडले. काही जण म्हणाले, गाड्या गावात शिरूच द्यायच्या नाहीत. काही म्हणाले, पैसा येत असेल तर येऊ द्या.

आमचं मत या दोन्हीपेक्षा वेगळं आहे. गाड्या यायच्या की नाही हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न हा की ते ठरवणार कोण. सहा जणांत गावचा एक, अशी समिती आम्हाला मंजूर नाही. त्याचं कारण राग नाही, कायदा आहे.

वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(झ), इंग्रजीत ज्याला आय म्हणतात ते, गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क देतं. कलम ५ त्याच्या पुढे जातं. सामूहिक वनसंपत्तीत कोणी कसं यायचं-जायचं याचं नियमन करण्याचा, आणि जंगलाला, जनावरांना, जैवविविधतेला बाधा आणणारं काम थांबवण्याचा ग्रामसभेचा निर्णय पाळला जाईल हे पाहण्याचा अधिकार तिथे ग्रामसभेला दिला आहे. येण्या-जाण्याचं नियमन हे शब्द नीट लक्षात ठेवा. क्लबच्या कागदावरची समिती जे काम करणार होती, तेच काम कायद्याने आधीच ग्रामसभेच्या हाती दिलेलं आहे.

गावाला स्वतःसाठी रस्ता पाहिजे असेल तर काय करावं लागतं तेही पाहा. कलम ३(२) प्रमाणे शाळा, दवाखाना, पाण्याची पाइपलाइन, रस्ता अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. पण प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. अंगणवाडीला ग्रामसभेचा ठराव लागतो, मग हौशी गाड्यांना का नको?

जुनी आठवणही ताजी करून देतो. या कायद्याचे पहिले नियम २००८ ला आले. त्यात गौण वनउपज जंगलातून न्यायची ती डोक्यावर, सायकलवर किंवा हातगाडीवर असं लिहिलं होतं. मोटारगाडीला जुने वाहतुकीचे नियम लागू. म्हणजे आपलं मोहफूल, आपला चारोळीचा बी डोक्यावर. २०१२ ला नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा कुठे 'योग्य त्या साधनाने' न्यायची मोकळीक मिळाली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला, आणि ते द्यायला केंद्राचे मंत्री गावात यावे लागले. आपला बांबू गाडीत घालायला एवढी खटपट. आणि नऊ गाड्या रविवारी मजेसाठी वर चढतात त्यांना एका बैठकीत वाट दत्तक?

आता मातीचं बोलू. क्लबवाले म्हणाले, गाडीने काय होतं, बैलगाडी पण चालतेच ना. बैलगाडी चालते, पण ती पावसात चालत नाही. गावकरी मृग लागला की चढाची वाट सोडतात, कारण ओल्या वाटेवर चाक रुतलं की काय होतं ते त्यांना ठाऊक आहे. यांची मजा तर चिखलातच आहे. चढावर ओल्या मुरमात जाड चाक जोरात फिरलं की चाकोरी खोल होते. पावसाचं पाणी त्या चाकोरीत शिरतं, एका धारेने खाली येतं, चाकोरीचा ओघळ होतो आणि ओघळाची घळ होते. दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, गवताचं बी रुजत नाही. वरचे समतल चर एका जागी फुटले की खालचे सगळे चर गाळाने भरतात. ते चर आपल्याच लोकांनी उन्हातान्हात, रोजगार हमीच्या कामावर खोदलेले आहेत. आणि धुऊन आलेली माती जाते कुठे? खालच्या नाल्यात, तिथून पाणवठ्यात.

हा छंद अमेरिकेत फार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपा साध्या लोकांच्या हाती आल्या तेव्हापासूनचा. तिथे काय झालं ते पाहिलं तर आपल्याला दोन्ही बाजू कळतात. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना हुकूम काढावा लागला की सरकारी जमिनीवर या गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे आखून द्या, आणि माती, पाणी, वन्यजीव व इतर माणसांना त्रास कमीत कमी होईल असं पाहा. कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्ये कायदा केला आणि अशा गाड्यांच्या नोंदणी फीचा पैसा त्यांच्याच वाटांच्या देखभालीकडे वळवला. त्याच राज्यात रुबिकॉन नावाची डोंगरातली नामांकित जीपवाट आहे. गाड्यांमुळे ओढ्यात माती, तेल आणि माणसांची घाण जाते म्हणून २००९ मध्ये तिथल्या पाणी मंडळाने हे थांबवा असा आदेश दिला. वाट कायमची बंद होईल या भीतीने जीपवाल्यांच्या संघटना कामाला लागल्या. त्यांचे स्वयंसेवक वाटेवर राबले. म्हणजे गाडीवाल्यांनी वाटेच्या कामाला हात लावणं वाईटच असतं असं आम्ही म्हणत नाही. कायद्याचा लगाम आणि वाट बंद होण्याची भीती असली तर ते चांगलं कामही करतात.

पण तिथलीच दुसरी गोष्ट ऐका. युटा राज्यात रिकॅप्चर नावाची दरी आहे. तिथे आदिवासींच्या पूर्वजांची हजारभर वर्षांची घरं आणि अवशेष आहेत. गाड्यांनी त्यांची नासधूस होते म्हणून २००७ मध्ये सरकारने दरीत मोटारगाडीला बंदी केली. मे २०१४ मध्ये तिथल्या जिल्हा मंडळाच्या एका निवडून आलेल्या सदस्याने बंदी मोडून गाड्यांची फेरी काढली. म्हणणं काय, तर ही सार्वजनिक जमीन आहे, आमचा हक्क आहे. पुढच्या वर्षी कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, दहा दिवसांचा तुरुंगवास दिला. २०२० च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफीही देऊन टाकली.

त्याच मुलखात बेअर्स इअर्स, म्हणजे अस्वलाचे कान, नावाचा डोंगराळ भाग आहे. होपी, नव्हाहो, झुनी आणि युट लोकांच्या दोन अशा पाच जमातींनी एकत्र येऊन तो राखण्यासाठी लढा दिला. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तो संरक्षित केला, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी त्यातला बहुतेक भाग काढून टाकला, २०२१ मध्ये बायडन यांनी परत जोडला. जून २०२२ मध्ये या पाच जमाती आणि सरकार यांच्यात सोबत व्यवस्थापन करण्याचा करार झाला. 'सार्वजनिक' हा शब्द किती फसवा आहे ते यातून दिसतं. जमीन सगळ्यांची म्हटली की सगळ्यात आधी बैठकीला पोचतो तो गाडीवाला. जे तिथे पिढ्यान् पिढ्या राहिले त्यांना खुर्ची मिळायला वर्षं जातात, आणि मिळालेली खुर्ची दर निवडणुकीला हलते.

इतक्या दूर जायचं कारण नाही म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यात या. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. टेकडी तेव्हा उघडीबोडकी होती. गावाने बसून नियम केले, चराई आवरली, माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली, राखण केली. त्या जंगलातली सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार गावाला मिळाला. बाहेरच्या संस्थांनी, सरकारी योजनांनी मदत केली हे खरं आहे. पण मदत करणारे मदत करणारेच राहिले, नियम गावाने केले. आम्हाला हाच रस्ता बरोबर वाटतो.

तिवसा, चांदूरकडच्या साथींना वाटेल, हे डोंगरातल्या गावांचं प्रकरण आहे, आपल्याकडे काळी माती, संत्रा आणि कपाशी. तसं नाही. पोहरा-मालखेडच्या जंगलालगत राहणाऱ्या बेड्यांवरच्या पारधी भावांनी त्याच बैठकीत सांगितलं की सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलीवाले माळावर चढतात, उतरतात, शेळ्या बुजतात, कोणी विचारत नाही. आपल्या भूमिहीन माणसाने ई-क्लासवर चार ओळी तूर पेरली की ते अतिक्रमण. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून पेरतो याचा कागद आण म्हणतात. त्याच माळावर कोणी चुना टाकून गाड्यांचा ट्रॅक आखला तर तो उपक्रम होतो, पाहुणे बोलावून फीत कापतात. जमीन तीच, तहसील तीच.

आणखी एक गैरसमज. अमरावती जिल्ह्यात पेसा फक्त धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत आहे, म्हणून बाकी तालुक्यांतल्या लोकांना वाटतं आपल्याला काही हक्कच नाही. वनहक्क कायद्याला पेसाची अट नाही. तिवसा असो, चांदूर असो की अचलपूर, जिथे गावाचा जंगलाशी पिढ्यांचा व्यवहार आहे तिथे दावा करता येतो. एक खुलासाही करतो. अभयारण्यात आणि वाघ प्रकल्पात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तिथे पर्यटकाला परवाना लागतोच. ग्रामसभेच्या ठरावाने तिथे जीपा सोडता येतील असं आम्ही म्हणत नाही. ग्रामसभेला डावलून कोणी सोडू नये, एवढंच म्हणतो.

तर मग त्या क्लबला काय सांगायचं? बैठकीत चर्चा होऊन या अटी निघाल्या. प्रत्येक गावाने आपल्या सोयीने त्यात कमी-जास्त करावं.

१. आधी ग्रामसभेत या. रेंज ऑफिसमध्ये बोलणी करून मग गावात येऊ नका. नियमाप्रमाणे गावातली निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. तिथे समोर बसून, आपल्या भाषेत सांगा.

२. दत्तक नाही, करारनामा नाही. एका हंगामापुरती परवानगी, ठरावाने. नियम मोडला तर ग्रामसभा ती रद्द करेल.

३. मृगापासून दिवाळीपर्यंत गाडी बंद. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत बाया पहाटेपासून जंगलात असतात, त्या दिवसांत दुपारपर्यंत गाडी बंद.

४. नवी वाट पाडायची नाही. नाला, पाणवठा, चर, दगडी बांध, मुंडे, मुठवा देवाची जागा इथे चाक लागणार नाही. नकाशा छापायचा तर गावाने ठेवलेल्या नावांनी छापा.

५. पैसा ग्रामसभेच्या खात्यात. वाटाड्या गावचा, दुरुस्तीला मजूर गावचे, बाईमाणसाला सारखी मजुरी. क्लबवाल्यांना हातभार लावायचा तर फावडं घेऊन मजुरांसोबत लागा, गावाचा माणूस सांगेल तसं.

६. सहावी अट बायांनी घातली. पावसाळ्यात ज्या नाल्यात गाडी उतरवायची तुम्हाला हौस आहे, त्याच नाल्याच्या काठावर आमची बाळंतीण अडकते. १०८ ची गाडी पलीकडे उभी राहते. साप चावलेला माणूस बाजेवर न्यावा लागतो. तुमच्याकडे नाला ओलांडणाऱ्या गाड्या आहेत, दोर आहेत, ओढायची यंत्रं आहेत. तर पावसाच्या चार महिन्यांत फोन केल्यावर येतील अशा दोन गाड्यांची नावं आणि नंबर ग्रामसभेला लिहून द्या. जंगलाची सेवा करायला आलो म्हणता, तर ही सेवा आधी करा.

या सहाव्या अटीवर बैठकीतले दोन्ही तट एक झाले. ज्यांना गाड्या नको होत्या तेही म्हणाले, हे मान्य केलं तर बोलायला हरकत नाही. आमच्या मते क्लबची नियत ओळखायलाही हीच अट पुरेशी आहे.

आता थोडं स्वतःला. सहा जणांत गावचा एक असा कागद घेऊन यायची त्या क्लबला हिंमत कशी झाली? कारण गावाचा स्वतःचा कागदच नव्हता. वनहक्क समिती आहे, पण दोन वर्षांत तिची बैठक नाही. व्यवस्थापनाचा आराखडा लिहायचा म्हणता म्हणता राहिला. हीच गत आपल्या पुष्कळ गावांची आहे. १९९२ नंतर संयुक्त वन व्यवस्थापन आलं तेव्हाही हेच झालं होतं. समितीत नावं आपली, पण रजिस्टर आणि बँकेचं पुस्तक गार्डसाहेबाकडे. 'संयुक्त' शब्दाचा अर्थ आपण तेव्हा शिकलो. आता क्लबच्या कागदावरही तोच शब्द होता. नियमांत ग्रामसभेच्या समितीने संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करावा असं लिहिलेलं आहे. आपण तो लिहिला नाही, तर दुसरा कोणी लिहून आणतो आणि सही मागतो.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी काम. प्रत्येक गावाने, प्रत्येक बेड्याने आपल्या शिवारातल्या वाटा पायी फिरून एका कागदावर लिहून आणायच्या. वाटेचं नाव काय, कुठून कुठे जाते, कोण वापरतं, कोणत्या महिन्यात, कशासाठी. पाणवठ्याची, चराईची, मोहाची, स्मशानाची, देवाची वाट, आणि शेतात जायची पांदण. म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या, वाटांची नावं त्यांनाच ठाऊक आहेत. त्यासोबत तहसीलमध्ये अर्ज देऊन गावच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागा. जमीन महसूल संहितेत विदर्भासाठी ही सोय आहे. गावच्या बिनकब्जाच्या सरकारी जमिनीचा वापर पहिल्यात असतो, खासगी जमिनीतून जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्याची नोंद दुसऱ्यात. आपली वाट तिथे नसेल तर ती का नाही हे लेखी विचारा. हा कागद म्हणजे आपल्या आराखड्याचं पहिलं पान.

आणि ज्या गावातून हा विषय आला, त्या गावाची ग्रामसभा या अटींवर बसणार आहे. क्लबच्या लोकांनाही निरोप दिला आहे. म्हाताऱ्या मायनं सांगून ठेवलं, "येऊ द्या त्यायले. गाड्या गावाबाह्यर उभ्या करा म्हणा, आन् वाटनं पायी चला आमच्यासंगं. कोठी काय हाय ते मी दाखवतो."

ग्रामसभेत काय ठरलं ते पुढच्या अंकात छापू.

जोहार! जय सेवा!